सोयाबीन, दिवाळी आणि थांबायची ऐपत

आमच्या फॅमिली ग्रुपवर दर दिवाळीच्या आधी एक फॉरवर्ड येतोच. दलाल हटवा, शेतकऱ्याकडून थेट घ्या, बळीराजा सुखी होईल, खाली हात जोडलेले. पाठवणारे पुण्याचे काका आणि खाली अंगठे टाकणारे आम्ही सगळे इंदूरवाले. मी पण टाकते अंगठा, मोठ्या माणसाशी कुठे वाद घालायचा. पण मी इंदूरजवळच्या देपालपूरकडच्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचा हिशेब बघते, पार्टटाइम, घरचं सगळं आटपून, आणि तिथं त्या पत्र्याच्या ऑफिसात बसून जे दिसतं ते त्या फॉरवर्डात कुठेच बसत नाही, म्हणून इथं लिहितेय. काका ब्लॉग वाचत नाहीत.

आधी तो दलाल म्हणजे कोण ते बघू. आमच्याकडचे बरेच सभासद सगळा माल मंडीत नेत नाहीत, थोडा गावातल्याच छोट्या व्यापाऱ्याला देतात. तो भाव मंडीपेक्षा कमी देतो हे सगळ्यांना माहितीये, त्यालाही माहितीये. तरी देतात, कारण जूनमध्ये बियाणं त्यानेच उधार दिलेलं असतं, ऑगस्टमध्ये अळी पडली तेव्हा औषध त्याच्याच दुकानातून गेलेलं असतं, आणि घरात कुणाला अॅडमिट करायची वेळ आली तर रात्री अकराला दार वाजवलं तरी तो पैसे काढून देतो, ना फोटो मागत ना खसरा-खतौनीची (म्हणजे आपल्या सातबाऱ्याची) नक्कल. व्याज तो भावातून कापतो आणि बरंच कापतो, त्याला साधुसंत म्हणायचं काही कारण नाही. पण त्याला हटवायचं म्हणजे रात्री अकराचं काम कुणी करायचं? बँक तेव्हा बंद असते आणि आमची कंपनी तर संध्याकाळी पाचलाच कुलूप लावते.

आता मंडीचं बघा. ट्रॉली सकाळी लागते, गेटवर प्रवेश पर्ची होते, मग नीलामीच्या वेळी व्यापाऱ्यांचा घोळका एका ढिगावरून दुसऱ्यावर सरकत जातो, कुणी मुठीत दाणे घेऊन फुंकर मारतो, कुणी एखादा दाताखाली फोडून बघतो, बोली लागते, मिनिटभरात सौदा. अनुबंध पर्ची, म्हणजे सौद्याची चिठ्ठी, हातात पडते, मग तौल म्हणजे वजन, मग भुगतान म्हणजे पैसे. हे सगळं वाईट आहे असं मला अजिबात वाटत नाही उलट उघड्यावर चार लोकांसमोर बोली लागते हे चांगलंच आहे, आणि पैसे त्याच दिवशी द्यायचे असा कायदा आहे. भांडण होतं ते तौलाच्या वेळी. वरचा माल बघून बोली लावली, खालून ओला निघाला, आता इतके कमी देऊ. शेतकऱ्याच्या ट्रॉलीचं भाडं चालू, पोरगा सकाळपासून उपाशी, आणि माल परत भरायचा म्हणजे पुन्हा हम्माली. तो हो म्हणतो. इथं त्याला फसवलं असं दरवेळी म्हणता येत नाही, माल खरंच ओला असतो कधीकधी. फक्त किती ओला ते सांगायचं मशीन समोरच्याकडे असतं, ह्याच्याकडे नसतं. आमच्या कंपनीने पहिल्यांदा कुठली वस्तू विकत घेतली असेल तर नमी, म्हणजे ओलावा, मोजायचं मीटर. त्याच्यावरून बोर्डाच्या मीटिंगमध्ये केवढा वाद झाला होता, कम्प्युटर आधी का मीटर आधी, मीटर जिंकलं.

तेलाच्या प्लांटवाल्यांचा भाव 10-2-2 वर असतो, म्हणजे नमी दहा टक्के, माती-कचरा दोन, डागी दाणा दोन. सरकारी खरेदीत नमी बारापर्यंत चालते. आपला माल कुठे बसतो हे घरूनच कळलं तर माणूस दोन दिवस खळ्यावर वाळवून नेतो, आणि नाही वाळवला तरी किती कापलं जाणार ते आधी माहीत असतं. ह्यात कसली क्रांती नाही, पण सभासदांना कंपनीची सगळ्यात जास्त किंमत ह्या मीटरमुळे वाटते असं मला वाटतं, डिव्हिडंड वगैरेमुळे नाही (तो अजून दिलाच नाहीये).

पण माझं खरं म्हणणं वेगळं आहे. मालव्यात सोयाबीन निघतं सप्टेंबरच्या शेवटी आणि ऑक्टोबरात. लगेच दिवाळी. लगेच गहू-हरभऱ्याची पेरणी, लसूण-बटाटा लावणाऱ्यांची तर अजून घाई, म्हणजे बियाणं, डीएपी खत, डिझेल, मोटरचं वायंडिंग, सगळे पैसे त्याच पाच-सहा आठवड्यांत पाहिजेत. त्यामुळे सगळा मालवा एकाच वेळी मंडीत उभा राहतो. ज्याला आज विकायचंच आहे आणि हे समोरच्याला माहीत आहे, त्याला कोण जास्त देणार? दलाल असो नाहीतर मोठी कंपनी असो, उद्या मी जरी विकत घ्यायला उभी राहिले तरी तेच करीन. शेतकऱ्याची गरिबी मला तर ह्या तारखांमध्ये जास्त दिसते. माल त्याचा असतो, पण विकायची तारीख त्याची नसते.

आकडा घेऊन बघू. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव 5328 रुपये क्विंटल. समजा पाच एकरांत वीस क्विंटल निघालं आणि मंडीत 4200 ला गेलं, तर क्विंटलमागे 1128, एकूण 22,560 रुपये कमी. एवढ्यात त्याचं रबीचं बियाणं-खत बऱ्यापैकी निघालं असतं, म्हणजे जे घ्यायला त्याने घाईत सोयाबीन विकलं तेच.

मग सरकार म्हणतं फरक आम्ही देऊ. भावांतर योजना पहिल्यांदा आली 2017 च्या ऑक्टोबरात, मुख्यमंत्री शिवराजसिंहांच्या वेळी. त्या वर्षी जूनमध्ये शेतकरी आंदोलनात इंदुरात दूध-भाजी बंद झालेली आठवतच असेल, 6 जूनला मंदसौरला गोळीबार झाला, लोक गेले, त्याच्यानंतरची ही योजना. त्याच उन्हाळ्यात सरकारने आठ रुपये किलोने कांदा विकत घेतला होता आणि त्यातला कितीतरी सडला, तो वास मंडीच्या बाजूला राहणाऱ्यांना विचारा. कांदा घेऊन ठेवता येत नाही हे कळलं म्हणून मग भावांतर, म्हणजे माल घ्यायचाच नाही, फक्त फरक खात्यात टाकायचा. कागदावर मस्तच आहे. फक्त फरक कशातून काढायचा? तर हमीभाव वजा मॉडेल रेट, आणि मॉडेल रेट म्हणजे आपल्या आणि शेजारच्या राज्यांच्या मंड्यांची सरासरी. सोयाबीनचा हमीभाव तेव्हा 3050 आणि मॉडेल रेट निघाला 2580, म्हणजे फरक 470 रुपये. आता ज्याचा माल 2580 ला गेला त्याचं जमलं. ज्याचा ओला म्हणून 2200 ला गेला त्याला पण 470 च, म्हणजे हातात 2670. आणि योजनेत विकायची मुदत ठरलेली, त्यामुळे त्या दिवसांत आवक अजून वाढली, भाव अजून बसले, मंडीत तर उघड बोलत होते की फरक सरकार देतंय ना मग आम्ही कशाला चढवू. 2025 मध्ये सोयाबीनसाठी भावांतर पुन्हा आणलं, पैसे ह्यावेळी खात्यात पटकन आले, ते चांगलं झालं, मी उगीच नावं ठेवणार नाही. पण विकायची मुदत होतीच, 24 ऑक्टोबर ते 15 जानेवारी. घाई होती तशीच राहिली, तिची भरपाई मात्र मिळाली.

म्हणून कंपनी काढायची, हे त्यातल्या त्यात शहाणपणाचं वाटतं मला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, 2002 मध्ये वाय. के. अलघ समितीच्या शिफारशीवरून कंपनी कायद्यात उत्पादक कंपनी नावाचा प्रकार आला. दहा शेतकरी मिळून काढू शकतात, शेअर कितीही असोत मत एकच. 2020 मध्ये केंद्राची दहा हजार एफपीओ (शेतकरी उत्पादक संस्था) काढायची योजना आली, तीन वर्षांत अठरा लाखांपर्यंत ऑफिसच्या खर्चाला मिळतात, मैदानी भागात तीनशे सभासद लागतात. आमची त्यातलीच. अठरा लाख ऐकायला खूप वाटतात, पण ते पगार, भाडं, ऑडिट ह्यासाठी असतात, माल विकत घ्यायला नसतात.

आणि सगळं तिथंच अडतं. आम्ही एका सीझनला ठरवलं की सभासदांचं सोयाबीन गोळा करून सरळ प्लांटला गाडी लावायची. मीटर होतं, चाळणी होती, भावही मंडीपेक्षा चांगला ठरला. गाड्या गेल्या. पैसे यायला पंधरवडा लागला, मग अजून काही दिवस, प्लांटवाले फोनवर फार गोड बोलायचे, आज आरटीजीएस होतंय मॅडम. इकडे ऑफिसच्या बाहेर रोज कुणीतरी मोटरसायकल लावून बसलेलं. त्यातले एक बा साब, सत्तरीचे असतील, काही न बोलता बाकावर बसायचे, चहा प्यायचे आणि जायचे, एक दिवस जाता जाता म्हणाले, मैडम, भाव तो थारो अच्छो है, पर मंडी में शाम को पैसा मिल जाता। पुढच्या खेपेला ते सरळ मंडीत गेले. मला काही म्हणायला जागाच नव्हती, त्यांचं गणित बरोबर होतं. क्विंटलमागे शे-दीडशे रुपये जास्त, पण तीन आठवड्यांनी, आणि तोपर्यंत डीएपीसाठी गावातल्या व्यापाऱ्याकडून उचल, म्हणजे वरचे दीडशे परत तिथंच जाणार.

तर कंपनीकडे संध्याकाळी पैसे द्यायची ताकद पाहिजे. त्याला खेळतं भांडवल म्हणतात आणि ते आम्हाला देताना बँका फार विचारात पडतात. तारण काय? सभासद किती? मागच्या तीन वर्षांची बॅलन्सशीट? आमची बॅलन्सशीट मीच बनवते, ती बघून मीही आम्हाला कर्ज दिलं नसतं.

दुसरा रस्ता गोदामाचा. सरकारमान्य गोदामात माल ठेवायचा, त्याची इलेक्ट्रॉनिक पावती मिळते, ती गहाण टाकून बँकेकडून मालाच्या किमतीचा बराचसा भाग उचलायचा, पेरणी करायची आणि माल फेब्रुवारी-मार्चमध्ये विकायचा. कायदा 2007 चा आहे, गोदाम पावतीचा, नवीन काही नाही. किसान क्रेडिट कार्डवाल्या लहान शेतकऱ्यांना त्यावर व्याजात सवलत पण आहे. तरी आठ क्विंटलवाला माणूस गोदामापर्यंत जात नाही, भाडं, गाडी, हम्माली आणि वाळून वजन घटतं ते धरलं तर त्याला परवडतच नाही. चाळीस जणांचा माल एकत्र नेला तर परवडतं, पण मग चाळीस जणांचा माल एका प्रतीचा पाहिजे, आणि माझं चांगलं त्याचं डागी असं म्हणून जी भांडणं होतात ती मी बघितलीयेत, सख्खे चुलतभाऊ बोलत नाहीत एकमेकांशी.

आणि थांबलं म्हणजे भाव वाढतोच असं कुणी समजू नका. 2021 च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजाराच्या वर गेलं होतं, सगळ्या मालव्याचे डोळे विस्फारले, पुढच्या वर्षी लोकांनी माल धरून ठेवला की पुन्हा दहा होईल. नाही झालं, घसरतच गेलं. त्यामागे इथल्या मंडीचा हात फार कमी, निर्णय सगळे बाहेर झाले. ऑगस्ट 2021 मध्येच बारा लाख टन सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी मिळाली, ऑक्टोबरात खाद्यतेलावरची ड्युटी कमी केली, डिसेंबरात सोयाबीनचा वायदा, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, बंद झाला. मग सप्टेंबर 2024 मध्ये बाहेरून येणाऱ्या कच्च्या खाद्यतेलावर वीस टक्के ड्युटी लावली, शेतकरी जरा खूश, मे 2025 मध्ये ती कमी करून दहा केली. शहरात तेल महाग झालं की आपण ओरडतो, आणि आपला आवाज दिल्लीला देपालपूरपेक्षा लवकर पोचतो, हे काकांना सांगितलं पाहिजे एकदा. दाण्यात तेल असतं जेमतेम अठरा-वीस टक्के, बाकी पेंड, म्हणजे सोयाबीनचा भाव कोंबड्यांच्या खाद्यावर पण चालतो, देपालपूरच्या बा साबांनी हे सगळं कुठून बघायचं.

खाली निमाडात कापसाचं एक वेगळं मॉडेल आहे, ते मला आवडतं. कसरावदला 1991 पासून एका स्विस कंपनीच्या मदतीने जैविक कापसाचं काम चालू आहे, शेतकऱ्याशी करार, खरेदीची हमी, आणि बाजारभावाच्या वर प्रीमियम. फेअरट्रेडवाल्यांची पद्धत पण साधारण तशीच, एक किमान भाव ठरलेला, बाजार त्याच्या खाली गेला तरी तेवढा द्यायचाच, बाजार वर गेला तर बाजाराचा द्यायचा, आणि शिवाय एक वेगळी रक्कम गटाला, ती विहिरीला लावायची का शाळेला ते गटानेच सभेत ठरवायचं. लोक त्या प्रीमियमचंच कौतुक करतात, मला किमान भावाची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, कारण प्रीमियम म्हणजे वरचं बक्षीस, आणि किमान भाव म्हणजे पेरायच्या आधीच खालची जमीन कळलेली. सगळ्यांचं नाही जमत त्यात हेही खरंय, सर्टिफिकेशनचा खर्च, कागद, तपासणी, आणि शेवटी युरोपातल्या गिऱ्हाइकाने तो टी-शर्ट घेतला तरच.

लसणाचं तर विचारूच नका. 2022 मध्ये शेतकऱ्यांनी नदीत ओतला, 2024 च्या सुरुवातीला किरकोळ भाव किलोला तीन-चारशेवर गेला आणि शेतात सीसीटीव्ही लागले. मधल्या काळात लसूण भाजी का मसाला ह्यावर हायकोर्टाच्या आपल्या इंदूर बेंचसमोर कितीतरी वर्षं केस चालली, हसू नका, त्याच्यावर ठरत होतं की तो कुठल्या मंडीत विकायचा आणि अडत कुणी घ्यायची. 2024 मध्ये निकाल लागला की भाजी मंडीतही विकता येईल.

रिझर्व्ह बँकेचा 2024 चा एक पेपर आहे, त्यात बटाट्याच्या ग्राहकाने दिलेल्या रुपयातले साधारण 37 पैसे शेतकऱ्याला मिळतात असं काढलंय, कांद्याचे 36, टोमॅटोचे 33. अमूलवाले दुधात ऐंशीच्या वर सांगतात. मला हे कोडं वाटायचं, कारण दूध तर सोयाबीनपेक्षा नाशिवंत, चार तास थांबू शकत नाही. पण तिथं डेअरी, टँकर, पावडरचा प्लांट सगळं दूधवाल्यांच्याच संघाचं आहे, जास्त दूध आलं तर पावडर करून ठेवतात, म्हणजे थांबायचं काम प्लांट करतो, म्हैसवाला नाही. 1946 पासून बांधत आणलंय त्यांनी ते. आमची कंपनी अजून स्वतःच्या गोदामाच्या शेडचं कोटेशन मागतेय.

म्हणून सध्या माझ्या हातात जेवढं आहे तेवढं करतेय आणि ते गव्हाचं आहे. आपल्याकडे एप्रिलमध्ये वर्षाचा गहू भरायची पद्धत अजून टिकून आहे, निदान इंदूरच्या सुदामा नगरमध्ये तरी, फ्लॅटवाले पण दोन-तीन क्विंटल घेतात. मी म्हटलं घ्यायचाच आहे तर अर्धे पैसे नोव्हेंबरात द्या, पेरणीच्या वेळी. भाव आत्ता ठरवायचा नाही. एप्रिलला मंडीचा भाव किंवा सरकारी भाव, जो जास्त असेल तो, वर चाळणी आणि पोत्याचे. (2025 मध्ये सरकारी भाव राज्याचा बोनस धरून 2600 होता.) शेजारच्या काकूंनी लगेच पकडलं, म्हणजे मंडीचा भाव पडला तर आम्ही जास्त द्यायचे? हो काकू, तसंच. आणि गारपीट झाली तर? तर कंपनी दुसऱ्या सभासदाचा देईल, आणि कुणाचाच नसेल तर पैसे परत. काकूंनी विचार केला आणि म्हणाल्या, अगं मग ह्यात माझा फायदा काय? मी सांगितलं गहू बिनमिसळ, कुणाच्या शेतातला ते माहीत, बाकी फायदा खास नाही. त्यांनी एक क्विंटल लिहिला. काही घरांनी नाही लिहिला, त्यांचंही बरोबर आहे, सहा महिने पैसे अडकवायचे म्हणजे विश्वास लागतो.

रक्कम फार मोठी जमली नाही, पण ज्यांच्या नावावर ती गेली त्यांनी त्या दिवाळीत सोयाबीन थोडं धरून ठेवलं, सगळं नाही, थोडं. त्यातल्या एकाने गावातल्या व्यापाऱ्याचं खातं पण अर्धं केलं. व्यापाऱ्याने त्याला विचारलं, कुठून आणले? त्याने सांगितलं इंदूरच्या मराठी बायकांनी दिले. आता तो व्यापारी मला भेटायचंय म्हणतोय, गव्हात त्याला पण घ्या म्हणे, गोदाम आहे त्याच्याकडे. बोर्डात दोन तट पडलेत. मला विचाराल तर घ्यावं, गोदाम चांगलं आहे, कोरडं आहे, भाडं लेखी ठरवून घ्यावं आणि चावी दोघांकडे ठेवावी.

यंदाचं बुकिंग नोव्हेंबरातच उघडेल. लोकवन आणि शरबती दोन्ही आहेत. बाफल्यांसाठी (आमच्याकडची उकडून भाजलेली बाटी) कठिया, म्हणजे डुरम गहू, पण हवा असं चार-पाच जणींनी कळवलंय, पूसा तेजस आपल्या इंदूरच्याच गहू केंद्राचं वाण आहे, बियाणं मिळायला अडचण नाही. अडचण एवढीच की पेरणाऱ्याला आधी गिऱ्हाईक पाहिजे आणि आमच्या बायकांना आधी गहू हातात घेऊन बघायचाय.